पोतं फोडेल त्याचा बंगला

बंगला बघायला आम्ही लाँड्रीच्या गाडीतून गेलो. पुढे गाडी चालवायला काका आणि मानाच्या जागी आजोबा. मागे बाबा, आई, काकू आणि मी, हॉटेलच्या मळक्या चादरींच्या गठ्ठ्यांवर. गठ्ठे उतरवून ठेवता आले असते, पण बाबा म्हणाले, "उतरवा आणि परत चढवा, कशाला? बसा त्यांच्यावरच. बंगलेवाल्यांना गाद्या हव्यातच."

"बंगलेवाली एकच आहे," आई म्हणाली. "आपण बाकीचे गठ्ठे."

एरवी अशा बोलण्याची काकूने तिथल्या तिथे परतफेड केली असती. त्या दिवशी ती गप्प. ठेवणीतले कपडे घालून ती गठ्ठ्याच्या अगदी कडेला टेकली होती, परीक्षेला निघालेली मुलगी बसते तशी.

कारण बंगला तिला लागला होता. धुण्याची पावडर आम्ही पोत्याने घेतो आणि प्रत्येक पोत्यात सोडतीचं एक कूपन निघतं. त्यावर नाव कोणाचं घालायचं यावरून एकदा घरात भांडण झालं होतं म्हणे, मी अजून कपड्यांच्या ट्रॉलीत झोपायचे तेव्हा. आजोबांनी नियम केला: पोतं फोडेल त्याचं नाव. तेव्हापासून पोतं फोडणं हा आमच्याकडे मानाचा कार्यक्रम झाला. पाळ्या लागल्या. बाबांना एकदा बादली लागली, मला छत्री, काकांना भिंतीवरचं घड्याळ. त्या घड्याळाच्या काचेत महिन्याभरात वाफ धरली. काका कौतुकाने म्हणायचे, "बघ भिंगरी, किती वाजले ते कळत नाही, पण हवामान कळतं." भिंगरी म्हणजे मी.

आणि ते पोतं! पाळी खरं तर आईची होती. पण तिची कंबर धरली होती, म्हणून तिने हाक मारली, "धाकटे, फोड गं तेवढं." त्या 'तेवढं'मधून बंगला निघाला.

कंपनीचा फोनही काकूनेच घेतला. पलीकडून एक बाई म्हणाल्या, "अभिनंदन! तुमच्या नावाने..." आणि काकू घाईघाईने म्हणाली, "अहो, तो डाग आधीपासूनच होता!"

यावर आम्ही आठवडाभर हसलो. मग हसणं कधी थांबलं ते कोणाच्या लक्षातच आलं नाही.

कॉलनीच्या फाटकाशी रखवालदाराने गाडीवरचं लाँड्रीचं नाव वाचलं आणि हात आडवा केला. "कपडे न्यायला का? मागच्या रस्त्याने."

आजोबांनी काच खाली केली. "नाही," ते म्हणाले, "बंगला न्यायला."

तरीही गाडी बाहेरच लावावी लागली. बंगल्यापर्यंत चालत गेलो. पांढरा, दोन मजली, पुढे हिरवळ, आणि खिडक्या एवढ्या मोठ्या की आमची इस्त्रीची टेबलं उभीच्या उभी आत गेली असती. दारात कंपनीच्या बाई उभ्या होत्या, हातात फाइल, चेहऱ्यावर कडक इस्त्रीचं हसू.

आत शिरल्यावर बाकीच्यांनी माना वर केल्या. काकूने मात्र भिंतीला तळहात टेकवला आणि तसाच ठेवला.

"कोरडी आहे," ती म्हणाली. कोणालाच उद्देशून नाही.

ज्याचं घर लाँड्रीच्या मागे आणि वर नाही, त्याला यातलं काही कळायचं नाही. आमच्याकडे मीठ सांडत नाही, ते खरवडावं लागतं. काड्यापेटी काकू उशीखाली घेऊन झोपते. माझी भूगोलाची वही एवढी फुगते की वर्गातल्या बाई म्हणतात, "वा, अभ्यास वाढलेला दिसतो!" दारंही फुगतात. काका-काकूंच्या खोलीचं दार तर त्यांच्या लग्नापासून कधी पूर्ण लागलेलं नाही, त्याच्या अलीकडे एक चादर सोडलेली असते. मला हे सगळं आवडतं. हिवाळ्यात बॉयलरच्या वरच्या खोलीत पाय टेकवला की जमीन कोमट लागते, साबणाच्या वासाने जाग येते, आणि वाफेच्या काचेवर बोटाने गणितं सोडवता येतात. पण मी तिथे जन्मले. काकू आलेली आहे.

ती वाढली वाचनालयाच्या वरच्या खोलीत. तिचे वडील तिथली देखभाल करायचे. तिच्या लहानपणाला कोरड्या कागदाचा वास आहे, असं ती मला सांगायची. उन्हाळ्याच्या सुट्टीत ती खाली कपाटांच्या मधल्या फरशीवर झोपायची आणि कोणी पुस्तक काढलं की उघड्या फटीतून त्या माणसाचं नाक दिसायचं. लग्नात तिने स्वतःची एक पेटी भरून पुस्तकं आणली होती. पहिल्या वर्षातच ती बुरशीने हिरवी पडली. तिने ती गच्चीवर वाळत घातली, चिमटे लावून, एकेक पान. आईला आठवतं ते. आई म्हणते, "मला वाटलं, वेडीच आणलीय घरात." मग काकूने पुस्तकं देऊन टाकली आणि पुन्हा आणली नाहीत.

त्या भिंतीवरून हात काढताना तिला हेच सगळं आठवत होतं. तिने मला नंतर सांगितलं. तेव्हा मी फक्त पाहिलं, की तिने हात काढला आणि दुसऱ्या भिंतीवर ठेवला.

कंपनीच्या बाईंनी आम्हाला मोठ्या खोलीत उभं करून फाइल उघडली. "आता काही साधे नियम. घराचा ताबा घेण्याआधी बक्षिसावरचा कर भरायचा. तीन वर्षं विकता येणार नाही, भाड्यानेही देता येणार नाही. विजेत्या बाईंनी स्वतः इथे राहायचं. आमच्या जाहिरातींसाठी अधूनमधून फोटो. कॉलनीत धंदा चालणार नाही, धंद्याची गाडी लावता येणार नाही. हिरवळ नेहमी कापलेली हवी. आणि हो, बाहेरून दिसतील असे कपडे वाळत घालायचे नाहीत."



"परत सांगा," आजोबा म्हणाले.

"कपडे बाहेर वाळत घालायचे नाहीत."

"मग इथली माणसं घालतात काय? ओले?"

आणि आजोबा हसायला लागले. हसता हसता खाली फरशीवरच बसले. त्यांच्या मागे काका, मग मी, मग आईसुद्धा पदराआडून. आयुष्यभर ज्यांनी गावाचे कपडे वाळवले त्यांना बक्षीस म्हणून असं घर मिळालं होतं, जिथे साधा रुमाल दोरीवर टाकायची चोरी! बाई अवघडून म्हणाल्या, "घर नको असेल तर पर्यायी रक्कम आहे. घराच्या किमतीपेक्षा बरीच कमी, पण कर आम्हीच कापून देतो. उद्या सकाळी मी फोन करेन, तेव्हा एकच उत्तर सांगा. चावी किंवा रक्कम." आणि आम्हाला बोलायला मोकळं सोडून त्या बागेत गेल्या.

बाबा हसले नव्हते. ते नळ उघडून पाहत होते, पाइपांवर बोटाने वाजवत होते. डोक्यात आमचा बॉयलर. तो आजोबांनी घेतलेला, आता त्याला खोकला लागलाय. हॉस्पिटलच्या चादरी आत असताना तो बंद पडतो तेव्हा बाबांचा चेहरा घरात कोणी गेल्यासारखा होतो. नव्यासाठी जे बाजूला टाकलंय ते जेमतेम. बंगल्याचा कर भरायचा म्हणजे ते सगळं जाणार. उलट पर्यायी रक्कम घेतली की नवा बॉयलर, नवा ड्रायर, वर छताला पत्रा. लबाडी नव्हती बाबांच्या मनात. त्यांना आठवत होतं, की ते आणि काका लहानपणी त्याच बॉयलरच्या पाठीला पाठ लावून झोपायचे, काकांचे पाय कायम बाबांच्या पोटावर, आणि पहाटे आजोबा वाफ सोडायचे तेव्हा दोघं एकदम जागे होऊन एकमेकांवर ढकलायचे, "तू घोरलास!" त्या जागेसाठी ते बोलले.

"यात विचार कसला करायचा? रक्कम घेऊ. सगळ्यांचं भलं."

"सगळ्यांचं?" काकूने विचारलं. आवाज अगदी सरळ. दिवसभरात तिने कोणाला उद्देशून बोललेलं हे पहिलंच.

"म्हणजे काय? मला बादली लागली तेव्हा मी एकट्याने वापरली का? भिंगरीची छत्री घरात कोणी नेली नाही?"

"माझी छत्री तुम्हीच हरवलीत," मी म्हणाले.

"मोठ्यांच्या मध्ये बोलू नकोस. मुद्दा असा, की आपल्याकडे जे लागतं ते घराचं असतं."

"दादा, बादलीचं वेगळं," काकू म्हणाली. "बादलीत राहता येत नाही."

काका खिडकीतून हिरवळ बघत होते. भावाकडे बघावं तर बायको दुखावणार, बायकोकडे बघावं तर भाऊ. हिरवळ कोणाची नातेवाईक नव्हती. शेवटी ते म्हणाले, "दादाचंही बरोबर आहे गं. इकडे यायची शेवटची बस संध्याकाळच्या आतच सुटते. आपली गाडी इथे लावू देत नाहीत. मग संध्याकाळी हॉटेलच्या चादरी निघतात त्या कोण करणार? वहिनी एकट्या?"

"माझं नाव घेऊ नका," आई म्हणाली. "मी कोणाच्या बंगल्याच्या मध्ये यायची नाही. पोतं माझं होतं, तरी मी बोलले का?"

"बोललात की आत्ता!" काकू म्हणाली.

"आत्ता पहिल्यांदा."

"ताई, सोमवारपासून ही चौथी वेळ."

"तू मोजतेस?"

"बस करा," आजोबा फरशीवरून म्हणाले. हसण्याचं पाणी अजून डोळ्यांत होतं. "नियम मी केलाय. पोतं फोडेल त्याचं. पाळी कोणाची होती हे विचारायचं नाही, बादली की बंगला हेही विचारायचं नाही. धाकटी सांगेल ते होईल."

"अण्णा, तुम्ही नियम केलात तेव्हा साबणाच्या वड्या लागत होत्या!" बाबा म्हणाले.

"मग तेव्हा हरकत घ्यायचीस."

 बाबांनी काकूकडे असं पाहिलं की मी पाहू नये असं मला वाटलं. काकू उठली, जिना चढून वर गेली, आणि मग वरून एक आवाज आला. टक्. छोटासा, स्वच्छ.

दार लागल्याचा आवाज होता तो. आम्ही सगळ्यांनी वर पाहिलं. मग पुन्हा, दार उघडलं आणि लावलं. टक्. पुन्हा उघडलं, लावलं.

"काय करतेय ती?" बाबा म्हणाले.

"खेळतेय," आई म्हणाली. आणि एवढ्या मायेने म्हणाली, की मी चमकून तिच्याकडे बघितलं.

काका वर गेले. मी मागोमाग, अर्ध्या जिन्यापर्यंत, कारण घरातल्या गोष्टी मला कळल्या नाहीत तर त्या कोण सांगणार? काकांनी आयुष्यात पहिल्यांदा बायकोच्या दारावर टकटक केली. आमच्याकडे त्यासाठी आधी बंद दार लागतं ना! दोन बोटं वर धरून ते जरा थांबलेसुद्धा, कितीदा वाजवायचं असतं ते माहीत नसल्यासारखे.

"कोण?" आतून.

"मी आहे."

"मी कोण?"

"चेष्टा करतेस?"

"हो."

काका दाराला टेकले. "दादाला बॉयलर हवाय गं. तो काही स्वतःसाठी मागत नाही."

"माहितेय मला. म्हणून तर राग येत नाही, आणि राग येत नाही म्हणून त्रास होतो. आणि तुम्हाला काय हवंय?"

 काकांना हे कोणी विचारत नाही. गाडीची चावी द्या, गठ्ठे आणा, अमक्याच्या कोटाचं काय झालं, एवढंच त्यांना विचारतात.

"मला... आत येऊ का?"

दार उघडलं, काका आत गेले, आणि टक्. मी जिन्यावर बसून राहिले. आतून बोलणं ऐकू येईना. घरी चादरीपलीकडचं सगळं ऐकू येतं; काकांचं घोरणं, काकूचं कपाळाला हात मारणं, दोघांचं दबकं हसणं. त्या हसण्याच्या आवाजात मी कितीदा तरी झोपी गेलेय. त्या दारातून मात्र काहीच आलं नाही. इतकं चांगलं दार होतं ते, की मला त्याचा रागच आला.

 परत येताना गाडीत काकू कडेला नव्हती, गठ्ठ्याच्या मधोमध बसली होती.

आल्या आल्या काम. हॉटेलला कोणाच्या बंगल्याशी काय घेणं? गठ्ठे मशीनमध्ये गेले, बॉयलर खोकला, बाबांनी त्याच्या कुशीत पाना मारला, आजोबा त्यांच्या उंच स्टुलावर बसून कॉलरी इस्त्री करू लागले. काचांवर वाफ चढली. संध्याकाळी चादरी निघाल्या, गरम, आणि आई-काकू नेहमीसारख्या समोरासमोर उभ्या राहिल्या.

तुम्ही दोघींना चादर घडी घालताना पाहायला हवं होतं. चार टोकं, दोन बायका. झटकायची, ताणायची, अर्धी दुमडायची, मग एकमेकींकडे चालत जायचं, एकीने टोकं दुसरीच्या हातात द्यायची, खाली वाकून नवी दुमड उचलायची आणि पुन्हा मागे सरायचं. शब्द लागत नाही. मी पाळण्यात होते तेव्हापासून दर संध्याकाळी हा नाच चालतो. दोघींची कितीही भांडणं असोत, घडीवर घडी जवळ यावंच लागतं, त्यामुळे भांडणं टिकत नाहीत.

त्या दिवशी आई चौथ्या-पाचव्या चादरीला, जवळ आल्यावर, हळूच म्हणाली, "मी तुझ्या जागी असते तर कधीच गेले असते."

काकूने टोकं दिली. मागे सरली. ताणली. पुन्हा जवळ आली. "मग तिथे सगळ्यांसमोर का नाही म्हणालात?"

मागे. झटका. जवळ.

"म्हणाले असते तर तू गेली असतीस."

काकूच्या हातातली चादर सैल पडली. आईने तिकडून ओढली. "धर नीट. जमिनीला लागेल."

"ताई."

"पुस्तकं चिमट्यांनी वाळत घातली होतीस, आठवतं? मी हसले होते. पण तू खाली गेलीस की मीच उलटायचे पानं, दुसरी बाजू वाळावी म्हणून. एका पुस्तकात ती मुलगी जहाजावर चढते तिथपर्यंत वाचलं होतं मी. पुढे काय झालं तिचं?"

"तुम्ही उलटायचात?" काकू म्हणाली. "मला वाटायचं, वारा."

"वारा! या गच्चीवर वारा असतो कधी?"

दोघी हसल्या, आणि हसता हसता काकूचे डोळे भरले. आमच्याकडे ते कोणाला दिसत नाही, सगळ्यांचेच चेहरे ओले असतात. तिने बाबांकडे पाहिलं. बाबा आमच्याकडे पाठ करून उभे, बॉयलरच्या काट्यावर डोळे. त्यांना सगळं ऐकू जात होतं. वळले नाहीत. पान्याने त्यांनी बॉयलरला हळू टकटक केलं आणि त्यालाच सांगितल्यासारखं म्हणाले, "हा अजून काढेल दोन-तीन वर्षं. खोकतो, पण मरत नाही."

आजोबांची इस्त्री जागेवर थांबली. काका दारात गठ्ठा खांद्यावर घेऊन उभे होते, तो त्यांनी खाली ठेवला.

काकू कितीतरी वेळ बाबांच्या पाठीकडे बघत राहिली. मग पुढची चादर तिने ढिगातून ओढली, तिची दोन टोकं आईकडे फेकली आणि मला म्हणाली, "भिंगरी, ये इकडे."

"मी?"

"दुसरी भिंगरी आहे का घरात? हात कोरडे कर. ही टोकं आता तू धरायचीस. अशी नाही, अंगठा आत."

मी धरली. काकू माझ्या मागे उभी राहिली, माझ्या हातांवर तिचे हात. आईकडे मी पाहिलं, तर ती चादरीच्या पलीकडे अगदी स्थिर उभी, ओठ घट्ट मिटून, जणू तिच्याही हातांत टोकं पहिल्यांदाच आली होती.

"ताण," काकू म्हणाली. "अजून. ताईंचा झटका जोरात असतो, सुटू द्यायची नाही. आता चल पुढे. खाली काय बघतेस? चादर कुठे जात नाही. त्यांच्याकडे बघ."

मी चालू लागले, आणि अर्ध्या वाटेत माझ्या हातांवरचे तिचे हात सुटले.